नसलेल्या दाढेचं दुखणं

शीतल गवईला माणसांच्या तोंडांची किळस यायला लागली ती दुसरी दाढ काढल्यानंतर. त्याआधी ती खाण्यापिण्यातली बाई होती. वाटणाचं कालवण, भाजलेली सुकट, कोर्टाबाहेरच्या गाडीवरची मिरचीभजी, तिला काहीच वर्ज्य नव्हतं, आणि तिला जेवताना बघून समोरच्यालाही भूक लागायची.

दिंडोशीच्या कोर्टात ती शिपाई होती. कामं तशी बरीच, पण तिची ओळख होती पुकाऱ्यामुळे. न्यायाधीशांनी खटला घेतला की दारात उभं राहून पक्षकारांची नावं मोठ्यानं पुकारायची. काहीजण नाव नुसतं पुटपुटतात आणि माणूस हजर नाही म्हणून मोकळे होतात. शीतलचा आवाज जिना उतरून खाली जायचा. टपरीवर चहा पीत बसलेला माणूस ग्लास तसाच ठेवून वर पळत यायचा. गवईबाईंनी हाक मारल्यावर ऐकू आलं नाही ही सबब कोणी सांगत नसे.

दुखणं सुरू झालं ते जेवणाच्या सुट्टीत, मेथीची भाजी आणि भाकरी खाताना. डाव्या बाजूला, वरच्या दाढेत. खडा लागला म्हणावं तर खडा नव्हता. ठणका असतो तसा ठणकाही नाही. हिरडीच्या आत कोणी तरी गरम, चिकट काहीतरी ओतलंय आणि ते थिजतच नाहीये, असं. तिनं पाण्यानं चूळ भरली आणि दुपारचे पुकारे केले. संध्याकाळीही ते तसंच होतं, दुसऱ्या दिवशीही तसंच.

गोरेगावात डॉक्टर सर्वेश यांचा दवाखाना होता. आत शिरल्याबरोबर माशांची काचेची पेटी, भिंतीवर गोऱ्या हसऱ्या बायकांचे फोटो, आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. डॉक्टर बोलायला गोड. त्यांनी एक्स-रे काढला, काही विशेष दिसत नाही म्हणाले, पण आत बारीक तडा असला तर एक्स-रेत येत नाही असंही म्हणाले. रूट कॅनाल झालं, कॅप बसली. गरम चिकट काहीतरी होतं तिथेच राहिलं. मग शीतल म्हणाली, ही दाढच काढून टाका. काढली. दोन-चार दिवस जखमेच्या दुखण्यात मूळ दुखणं हरवल्यासारखं झालं आणि तिला वाटलं, सुटले. नंतर ते शेजारच्या दाढेत आलं. तीही काढली.

किळस सुरू झाली ती इथून. आधी स्वतःच्या तोंडाची. जखमेवरचा कापसाचा बोळा काढला की त्याला लागलेली लाळ, रक्ताची लोखंडासारखी चव, सकाळी उठल्यावर जिभेला लागणारा तो खड्डा. जीभ सारखी तिकडेच जायची, कुत्रं उकिरड्यावर जातं तशी. ती दिवसातून चार-पाचदा दात घासायची, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत, आणि तरी तोंडावर हात धरून बोलायची. मग दुसऱ्यांच्या तोंडांची. कोर्टात तर दिवसभर तोंडंच. पान खाल्लेली, तंबाखूनं काळी पडलेली, जेवणाचा कण ओठाला चिकटलेली, कानाशी येऊन कुजबुजणारी. पूर्वी तिला यातलं काही दिसत नसे. आता दुसरं काही दिसेना.

घरी धम्मपाल, तिचा नवरा. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत होता, साधा माणूस, दिवसभर इमारतींच्या पोटात ग्रीस फासून घरी यायचा आणि मनापासून जेवायचा. रस्सा ओरपताना त्याचा एक आवाज व्हायचा. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि तो आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. आता तो आवाज आला की ती ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची. धम्मपालला कळेना की आपलं काय चुकलं. त्यानं एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तुझं काही नाही. हे खरंच होतं. पण त्यानं त्याचं समाधान झालं नाही, आणि तो तिच्यासमोर रस्सा खायचाच टाळायला लागला. त्याचं ते टाळणंही तिला सहन होईना.

तिसऱ्या दाढेच्या वेळी डॉक्टर सर्वेश आधी नको म्हणाले. मग म्हणाले, बघू. दाढ निघाल्यावर त्यांनी ती छोट्या स्टीलच्या ताटलीत ठेवली. शीतलनं मान वळवून पाहिलं. मुळांना थोडं रक्त लागलेलं, बाकी दाढ स्वच्छ. कीड नाही, तडा नाही, काळा ठिपकासुद्धा नाही. शाळेच्या पुस्तकात दाढेचं चित्र असायचं, तशीच. तिला मळमळलं. तोंडात बोळा असताना उलटी आली तर काय होईल या भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी विचारलं, घरी नेणार का, काहीजण नेतात. तिनं मान हलवून नको म्हटलं.

आठवड्यानं ती परत गेली आणि त्याच जागी बोट ठेवून सांगितलं की इथेच दुखतंय. डॉक्टर हसले. वाईट अर्थानं नाही, पण हसले. म्हणाले, "मॅडम, तिथे आता दाढच नाहीये. जे नाही ते दुखणार कसं?"

हा प्रश्न तिला नंतर कितीतरी जणांनी विचारला. कानाच्या डॉक्टरनं विचारला, मेंदूच्या डॉक्टरनं जरा वेगळ्या शब्दांत विचारला, मोठ्या नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढणाऱ्या पोरीनंही विचारला. प्रत्येक रिपोर्टवर एकच शब्द होता, नॉर्मल. त्या शब्दावर नातेवाईक खूश. जाऊबाईंनी फोन करून अभिनंदन केलं. काही निघालं नाही ना, मग आता मनातून काढून टाक, म्हणाल्या. कोणी म्हणालं पाळी जायची वेळ आली की असं होतं. कोणी म्हणालं टेन्शन. एका मेव्हण्यानं योगासनांचे व्हिडिओ पाठवले, त्यात एक दाढीवाला तोंडात तेल धरून फिरवत होता आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर ते थुंकत होता. शीतलनं फोन पालथा घातला.

शेजारच्या विमलाकाकू मालवणकडच्या. जीव लावणाऱ्या, पण कोणाचं दुखणं मोकळं सोडणं त्यांना जमत नसे. रोज सकाळी दारात. तुरटी झाली, लवंग झाली, अक्कलकाढा झाला, कसल्याशा पाल्याचा रस झाला. एकदा मशेरी घेऊन आल्या, नारळाच्या करवंटीतली काळीशार, आणि शीतल नको नको म्हणत असताना बोटानं तिच्या हिरडीला लावली. "जरा कळ काढ गो, माझ्या आवशीक ह्येनाच बरा वाटलेला," असं म्हणून त्यांनी तिची हनुवटी धरून ठेवली. शीतल बेसिनपर्यंत पोचू शकली नाही. उलटी दारातल्या पायपुसण्यावर झाली. काकूंनीच बिचाऱ्यांनी ते धुतलं, पण धुता धुता म्हणाल्या की नजर उतरली, बघ, आता बरी होशील. शीतल भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्याचं बोट आपल्या तोंडात, ही गोष्ट तिच्या मनातून पुढे कित्येक दिवस जाईना.

कोर्टातही बोलणं सुरू झालं. दुखायला लागल्यापासून तिचा आवाज आखडला होता. तोंड पूर्ण उघडलं की वारा लागायचा, वारा लागला की कळ कानापर्यंत जायची. ती ओठ दाबून पुकारा करू लागली. खालची माणसं खालीच राहिली. मिथुन नावाचा तिचा सहकारी पुकारे करायला लागला, आणि चांगला मुलगा असूनही एकदा चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणून गेला, की मॅडमचं दुखणं कामाची वेळ बघून येतं. सगळे हसले. शीतलही हसली. घरी जाऊन तिला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त वीट आला.

शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून ती महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात गेली. तिथे नुसत्या दुखण्याची वेगळी ओपीडी होती. डॉक्टर निधी नावाची तरुण, दमलेली बाई समोर होती. केस विस्कटलेले, टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव कागदात गुंडाळलेला. तिनं कापसाचा बोळा घेऊन शीतलच्या दोन्ही गालांवरून फिरवला, कुठे वेगळं लागतं ते विचारलं, आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "तुमचं दुखणं खरं आहे. कारण मला सापडणार नाही. बहुतेक कोणालाच सापडणार नाही. याला लांबलचक नाव आहे, पण त्या नावाचा अर्थ इतकाच, की चेहरा दुखतोय आणि का ते माहीत नाही."

शीतलनं विचारलं की जाणार का.

"कमी होईल. जाईल असं मी नाही सांगणार. आणि आता दाढ काढू द्यायची नाही. कोणी सांगितलं तरी नाही, तुम्हाला स्वतःला वाटलं तरी नाही."

गोळ्या रात्री घ्यायच्या होत्या. या मोठ्या मात्रेत उदासपणासाठी देतात, थोड्या मात्रेत नसांना शांत करतात, असं डॉक्टर निधीनं नीट समजावून सांगितलं होतं. शीतलला ते पटलंही होतं. पण खाली औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना काउंटरवरच्या माणसानं पाकीट वर धरून मोठ्यानं विचारलं, "डिप्रेशनची गोळी कोणाची?" रांगेतली माणसं वळली. शीतलनं पाकीट घेतलं, पर्समध्ये कोंबलं आणि घरी येऊन डाळीच्या डब्यामागे ढकलून दिलं. म्हणजे शेवटी हेही तेच म्हणाले, असं तिला वाटलं. फक्त गोड बोलून. तिला डॉक्टर निधीची, त्या वडापावाची, बोळ्याची, सगळ्याची शिसारी आली.

गोळ्या तशाच पडून होत्या तेव्हा एका रविवारी तिचे वडील आले.

भाऊराव तायडे मूळचे मेहकरकडचे. तरुणपणी मुंबईत येऊन रंगाच्या कारखान्यात लागले आणि कांजूरमार्गला एका खोलीत संसार थाटला. त्या वस्तीत त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. तिथे एक बाई अंगात आणायची, लोक तिच्यापुढे नारळ फोडायचे. भाऊराव एकदा तिच्यासमोर स्टूल टाकून बसले आणि त्यांनी शांतपणे विचारलं की देवीचं शिक्षण कितवीपर्यंत झालंय. बाईचं घुमणं तिथल्या तिथे थांबलं. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा त्यांना पाठ होत्या, आणि नुसत्या पाठ नव्हत्या. घरात कोणाच्या हातात दोरा दिसला तर ते कात्री आणायचे. शीतल लहानपणी तापानं फणफणलेली असताना शेजारणीनं तिच्या दंडाला काहीतरी बांधलं होतं, तर ते त्यांनी कापून, पोरीला पाठुंगळी घेऊन, डॉक्टरकडे नेलं होतं. शीतलला बाप म्हटलं की हेच आठवायचं.

त्या रविवारी ते आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. धम्मपाल अंघोळीला गेल्यावर त्यांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर ठेवली. शीतलनं उघडली. आत काळा दोरा होता, सात-आठ गाठी मारलेला, आणि चिमूटभर राख. दोऱ्याला तेलाचा खवट वास येत होता.

तिला आधी वाटलं की बाबांनी कोणाचा तरी दाखवायला आणलाय. कुठल्या बुवाबाजीचा पुरावा वगैरे. मग तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते चपलांकडे बघत होते.

"कुठून आणला?"

त्यांनी सांगितलं. कल्याणच्या पुढे एक जण बसतो. कारखान्यातल्या जुन्या मित्राच्या सुनेला गुण आला म्हणे.

"तुम्ही रांगेत उभे राहिलात?"

"राहिलो."

"चपला काढून?"

"काढून."

पुढचा प्रश्न तिनं विचारला नसता तर बरं झालं असतं, पण तो तोंडातून निघून गेला. "पाया पडलात?"

भाऊरावांचे हात गुडघ्यांवर होते, आणि बोटं पँटचं कापड धरत होती, सोडत होती. मग ते म्हणाले, "मला काही सुचेना, माय. तुझा आवाज गेला. फोनवर तू बोलते तर मला वाटते दुसरंच कोणी बोलून राहिलं."

शीतलला बापाची किळस आली. त्या बुवाच्या मळक्या सतरंजीवर टेकलेलं त्यांचं पांढरं डोकं तिला दिसलं, आणि ते बघवेना. स्टुलावर बसून देवीची इयत्ता विचारणारा माणूस, आणि हा. तिनं पुडी गुंडाळली. तोंडाशी आलेलं पुष्कळ काही तिनं गिळलं. आणि गिळता गिळता तिला कळलं की किळस बाबांची नाही. हे जे गरम, चिकट काहीतरी तिच्या हिरडीत बसलंय, ते तिथेच थांबलेलं नाही. ते घरभर पसरलंय. धम्मपालच्या ताटापर्यंत गेलं, आणि आता कांजूरमार्गच्या खोलीत जाऊन त्यानं बहात्तर वर्षांच्या माणसाला वाकवलं.

"बाबा, हा मी बांधणार नाही," ती म्हणाली. "आणि कापणारही नाही. तुम्हीच टाकून या."

ते उठले. पुडी घेऊन चपला घालून खाली गेले. बऱ्याच वेळानं परत आले तेव्हा हात धुतलेले होते आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. धम्मपालनं चहा केला. तिघांनी प्यायला.

त्या रात्री तिनं डाळीच्या डब्यामागून पाकीट काढलं. बाप आपला सगळ्या आयुष्याचा ताठा एका भोंदूच्या पायाशी ठेवून आला, मग आपण रांगेतल्या चार अनोळखी माणसांच्या नजरेला किती दिवस जपायचं, असा विचार तिच्या मनात आला. गोळी पाण्याबरोबर घेतली. चमत्कार काही झाला नाही. आधी नुसती झोप यायची, तोंड कोरडं पडायचं, सकाळी जीभ पापडासारखी. दोनदा ती सोडून द्यायच्या बेतात आली. डॉक्टर निधीनं मात्रा कमी केली, पुन्हा हळूहळू वाढवली, आणि पावसाळा संपता संपता एका दुपारी शीतलच्या लक्षात आलं की सकाळपासून आपल्याला डावा गाल आठवलेला नाही. आठवला तसा तो दुखायला लागला. पण सकाळ तर गेली होती.

तेव्हापासून तिचं असं चाललंय. कमी आहे, गेलेलं नाही. एसी लावलेल्या खोलीत जाताना ती ओढणी गालावरून घेते. घास उजव्या बाजूनं. थंड पाणी नाही. दुखणं वाढलं की ती उठून भांडी घासते, कारण हाताला काम असलं की जीभ खड्ड्याकडे कमी जाते. पुकारे अजून मिथुनच करतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी, बरं असलं तर, ती करते, आणि पूर्वीइतका नसला तरी आवाज अर्ध्या जिन्यापर्यंत जातो. धम्मपालला तिनं सांगितलं की रस्सा खा बाबा, मी आत जाईन ती जाईन, तू मनावर घेऊ नकोस. तो खातो. ती कधी बसते, कधी उठते. तोंडांची किळस पूर्ण गेली नाही. डॉक्टर निधीला तिनं ते सांगितलं, तर ती म्हणाली की त्याच्यावर माझ्याकडे गोळी नाही.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टर सर्वेशांच्या दवाखान्यातून मेसेज आला. तुमचं हसू आमची जबाबदारी, नवीन दात बसवण्यावर सणाची सवलत. शीतलनं तो दोनदा वाचला. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ती थेट गोरेगावला गेली. काय बोलायचं ते तिनं रिक्षात घोकून ठेवलं होतं.

माशांची पेटी तशीच होती. डॉक्टरांनी ओळखलं, बसा म्हणाले. ती बसली नाही. तिनं विचारलं की माझ्या त्या तीन दाढा खराब होत्या का. डॉक्टरांनी संगणकावर तिचे जुने एक्स-रे काढले, बघितले, आणि पडदा तिच्याकडे वळवला नाही.

"खराब नव्हत्या," ते म्हणाले. "पण मॅडम, तुम्हीच सांगितलंत काढा म्हणून. तिसऱ्या वेळी मी नको म्हणत होतो. तुम्ही इथे बसून रडलात. मला बघवेना."

हे खरं होतं. तिला ते आठवत होतं, फक्त कोणी बोलून दाखवलं नव्हतं. घोकलेल्यातलं काहीच आता लागू पडेना. तिला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही, पण त्यात स्वतःची शिसारी इतकी मिसळली की कोणता कोणाचा ते निवडता येईना. चांगली दाढ काढणारा माणूस, आणि चांगली दाढ काढ म्हणून हातापाया पडणारी बाई. कल्याणच्या पुढे बसणाऱ्या त्या बुवापुढेही लोक असेच रडत असतील.

"मी रडले असेन," ती म्हणाली. "पण पकड तुमच्या हातात होती. पुढची कोणी रडली तर तिला काढून देऊ नका. दुखण्याच्या डॉक्टरकडे पाठवा. नाव लिहून घ्या."

तिनं रुग्णालयाचं आणि डॉक्टर निधीचं नाव सांगितलं. डॉक्टर सर्वेशांनी ते पॅडच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. पुढे ते कोणाला पाठवतात की नाही हे शीतलला कधी कळलं नाही. बाहेर येऊन तिनं त्यांचा नंबर फोनमधून काढून टाकला.

घरी न जाता ती कांजूरमार्गला गेली. धम्मपालला फोन करून सांगितलं की आज बाबांकडे जेवते. भाऊरावांनी कुकर लावला होता, मऊ भात आणि वरण, तिच्यासाठी वेगळं काही करावं लागू नये म्हणून हल्ली ते स्वतःही तेच खायचे. दोघं जमिनीवर समोरासमोर बसली. वारा जवळच्या कचरा डेपोकडून फिरला तसा वास खोलीत शिरला, कुजका, गोडसर, घशाला चिकटणारा. भाऊराव उठून खिडकी लावून आले. आत आलेला वास आतच राहिला.

"दुखते का आज?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि तिच्या ताटात वरणाचा आणखी एक डाव घातला. ती उजव्या बाजूनं, सावकाश जेवत राहिली.